अमेरिकेत माणूस केव्हा पोहोचला?

सन १४९२ मध्ये कोलंबस अटलांटिक ओलांडून ज्या बेटांवर उतरला, तेथे माणसे आधीच राहत होती. ही गोष्ट आपण शाळेत शिकतो आणि तिच्यावरून सहज पुढे जातो. पण त्या काळच्या युरोपातील विद्वानांना ती सहजासहजी पचली नाही. नोहाच्या तीन पुत्रांपासून सारी मनुष्यजात झाली असे त्यांचा धर्मग्रंथ सांगत होता. मग समुद्रापलीकडच्या या खंडातली माणसे कोणाच्या वंशातली, आणि ती तेथे गेली कशी? जोसे दे अकोस्ता नावाचा एक स्पॅनिश जेझुइट पाद्री पेरूमध्ये बरीच वर्षे राहिलेला होता. त्याने १५९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा तर्क केला की, उत्तरेकडे कोठे तरी जुने जग व नवे जग एकमेकांना भिडलेले किंवा अगदी जवळ आलेले असावे, आणि तेथून माणसे व जनावरे आली असावीत. बेरिंगची सामुद्रधुनी तोवर एकाही युरोपीय माणसाने पाहिलेली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या पाद्र्याच्या बुद्धीचे कौतुक वाटते.

त्याचा तर्क स्थूलमानाने खरा ठरला. हिमयुगात पृथ्वीवरचे इतके पाणी बर्फाच्या रूपाने जमिनीवर अडकून पडले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे चारशे फूट खाली गेली होती. आज सैबेरिया आणि अलास्का यांच्यामध्ये सुमारे पन्नास मैल पाणी आहे; तेव्हा तेथे रुंद, गवताळ, थंड अशी जमीन होती. तेव्हा ‘कोठून’ या प्रश्नावर आज विद्वानांत फारसा मतभेद नाही. भांडण आहे ते ‘केव्हा’ या एका शब्दावर, आणि ते शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. या व्याख्यानात आम्ही त्या भांडणाची हकीगत सांगणार आहोत. निकाल सांगण्याचा अधिकार आमचा नाही; पण पुरावा कशाला म्हणावे याविषयी या वादाने जे शिकविले, ते पुरातत्त्वाशी संबंध नसलेल्या माणसालाही उपयोगी पडण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते.

गोष्टीची सुरुवात एका गुराख्यापासून करावी लागते. न्यू मेक्सिको प्रांतात फॉल्सम नावाचे लहानसे गाव आहे. १९०८ च्या ऑगस्टात तेथे भयंकर पूर आला. त्यानंतर जॉर्ज मॅकजंकिन नावाचा गुरांच्या रँचवरचा मुकादम कुंपणे कोठे वाहून गेली ते पाहत घोड्यावरून हिंडत होता. एका ओढ्याची दरड पुराने खोल कापली गेली होती, आणि त्या दरडीच्या तळाशी त्याला मोठमोठी हाडे बाहेर आलेली दिसली. मॅकजंकिन हा कृष्णवर्णी, टेक्ससमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला. शाळा त्याच्या वाट्याला आली नव्हती. पण तो आपल्या प्रयत्नाने वाचायला शिकला होता आणि त्याला दगडधोंडे, हाडे गोळा करण्याचा नाद होता. ही हाडे आजच्या बायसनाची, म्हणजे अमेरिकेतल्या रानगव्याची नाहीत, आकाराने फार मोठी आहेत, आणि जमिनीत फार खोल आहेत, एवढे त्याने ओळखले. पुढली चौदा वर्षे तो भेटेल त्याला त्या जागेविषयी सांगत राहिला. १९२२ साली तो वारला, तोपर्यंत एकही जाणकार तेथे गेला नव्हता.

तो गेल्यावर त्याच्या ओळखीचे, रॅटन गावचे एक लोहार व एक बँकवाले, ती जागा पाहून आले, आणि १९२६ मध्ये डेन्व्हर येथील संग्रहालयाचे संचालक जेसी फिगिन्स यांनी तेथे खणती सुरू केली. त्यांना हवा होता प्रदर्शनात उभा करण्यासाठी प्राचीन बायसनाचा सांगाडा. माणसाचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. पण हाडांबरोबर दगडाची सुबक घडविलेली भाल्याची पाती निघू लागली. येथे खरी अडचण उभी राहिली. हा बायसन हिमयुगाच्या शेवटी नष्ट झालेल्या जातीचा. पाते जर त्याच्या अंगात घुसलेले असेल, तर माणूस हिमयुगात अमेरिकेत होता हे सिद्ध होते. पण ते वरच्या थरातून उंदराच्या बिळावाटे घसरून खाली आलेले असेल, तर काहीच सिद्ध होत नाही.

त्या वेळी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत अलेश हर्डलिच्का नावाचे मानवशास्त्रज्ञ होते. अमेरिकेत माणूस अलीकडच्या काही थोड्या हजार वर्षांत आला असे त्यांचे ठाम मत होते, आणि याहून जुने म्हणून जे जे कोणी पुढे आणी त्याच्या चिंधड्या करण्यात त्यांनी आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे घालविली होती. तरुण संशोधक त्यांना वचकून असत. फिगिन्स त्यांना जाऊन भेटले तेव्हा त्यांनी सल्ला दिला तो मात्र सोन्यासारखा होता: पुढच्या वेळी पाते सापडले तर उचलू नका. जागच्या जागी राहू द्या, आणि बाहेरच्या माणसांना बोलावून दाखवा.

२९ ऑगस्ट १९२७ रोजी असे पाते सापडले. ते बायसनाच्या दोन बरगड्यांच्या मध्ये, मातीत पक्के रुतलेले होते. खणती थांबली, चोहीकडे तारा गेल्या, आणि न्यूयॉर्कचे बार्नम ब्राउन, स्मिथसोनियनचे फ्रँक रॉबर्ट्स आणि आल्फ्रेड किडर ही त्या काळातली मान्यवर मंडळी त्या ओढ्यात उतरून, गुडघे टेकून ते पाते पाहून गेली. वाद तेथे संपला. हर्डलिच्का यांनी मात्र शेवटपर्यंत मनापासून मान डोलावली नाही.

आता या प्रसंगात ‘तारीख’ अशी कोणालाच ठाऊक नव्हती, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. फॉल्समचे वय वर्षांत मोजण्याचे साधन १९२७ मध्ये नव्हते. सिद्ध झाले ते एवढेच की, हे पाते आणि हे जनावर एकाच वेळचे. आमच्या मते या संपूर्ण वादाची किल्ली येथे आहे. पुढे मोजमापाची साधने आली आणि ती फार बारीक झाली. परंतु दगडाच्या हत्याराचे वय बहुधा त्या हत्यारावरून निघत नाही. ते निघते त्याच्या शेजारच्या कोळशावरून, हाडावरून, मातीवरून. तारीख मोजतात एका वस्तूची आणि लावतात दुसरीला. दोहोंमधला सांधा पक्का नसेल तर मोजमाप कितीही अचूक असो, ते व्यर्थ जाते. आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. त्या राखेचे वय एका मोजणीत सुमारे चौदा लाख वर्षे आले. दुसऱ्या अभ्यासकांनी ती राख सुमारे पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वी सुमात्रातील टोबा येथे झालेल्या स्फोटाची ठरविली. त्या थराच्या संगतीत मिळालेल्या दगडी हत्यारांचे वयही राखेबरोबर वरखाली झाले. हत्यारे मात्र तीच.

मोजण्याचे साधन आले ते १९४९ मध्ये. विलर्ड लिबी या रसायनशास्त्रज्ञाने किरणोत्सर्गी कार्बनाची पद्धत शोधून काढली व त्यासाठी १९६० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पद्धतीचे मर्म सोपे आहे. विश्वकिरणांच्या माऱ्याने वातावरणात कार्बन-१४ नावाचा अस्थिर कार्बन सतत तयार होत असतो. वनस्पती तो हवेतून घेतात, वनस्पतींवाटे तो प्राण्यांत येतो. जीव आहे तोवर भरपाई चालू असते. जीव गेला की भरपाई थांबते आणि असलेला साठा आटू लागतो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो, आणखी तितक्याच वर्षांत पाव. उरलेला साठा मोजा, म्हणजे मरण केव्हा आले ते कळते. सावकाराच्या वहीत व्याज चढत जाते, येथे मुद्दल उतरत जाते, एवढाच फरक.

पण यात खाचखळगे पुष्कळ. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते. म्हणून झाडांच्या खोडातील वार्षिक वलयांवरून दुरुस्ती करावी लागते, आणि कार्बनाची ११,००० वर्षे म्हणजे पंचांगाची सुमारे १३,००० वर्षे होतात. जुने लेख वाचताना हा फरक विसरला की गोंधळ होतो. दुसरे म्हणजे भेसळ. लक्षावधी वर्षांचा, कार्बन-१४ पार आटून गेलेला एखादा नमुना घेतला आणि त्यात शंभरात एक भाग आजचा कार्बन मिसळला, तर तो नमुना फक्त सदतीस हजार वर्षांचा दिसतो. उलट, चुनखडीच्या प्रदेशात पाण्यात फार जुना कार्बन विरघळलेला असतो. त्या पाण्यात वाढलेली वनस्पती कालपरवाची असली तरी मोजणीत म्हातारी निघते.

दरम्यान फॉल्समच्याही खाली, म्हणजे त्याहून जुन्या थरात, न्यू मेक्सिकोतील क्लोव्हिस या गावाजवळ मॅमथ नावाच्या नष्ट झालेल्या हत्तीच्या हाडांबरोबर वेगळ्या घडणीची मोठी पाती मिळाली होती. अशी पाती पुढे जवळजवळ साऱ्या उत्तर अमेरिकेत सापडली, आणि कार्बनाने त्यांचे वय पंचांगाच्या हिशेबाने सुमारे तेरा हजार वर्षे ठरविले. १९६४ साली व्हॅन्स हेन्स यांनी यातून एक देखणी उपपत्ती मांडली. हिमयुगात कॅनडावर दोन प्रचंड हिमस्तर पसरलेले होते. ते वितळू लागल्यावर त्यांच्यामध्ये उत्तर-दक्षिण अशी एक मोकळी वाट पडली. ती वाट उघडण्याचा काळ आणि क्लोव्हिसची पाती प्रकट होण्याचा काळ जवळजवळ एकच. अर्थात वाट उघडली, शिकारी आत शिरले, आणि हे पहिले अमेरिकन. उपपत्ती इतकी नीटस होती की पुढली तीस वर्षे तिच्यापलीकडे जाऊ पाहणाऱ्याची धडगत नव्हती.

या अडवणुकीला निव्वळ हट्ट म्हणण्याची आज पद्धत पडली आहे. ती आम्हांस न्याय्य वाटत नाही. तेरा हजारांपलीकडचे जे दावे पुढे आले त्यांतले बहुतेक खरोखरच कोसळले. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात ओल्ड क्रो येथे हाडाचे, कातडे खरवडण्याचे एक सुरेख हत्यार मिळाले. ते माणसाने केलेले याविषयी शंकाच नव्हती. १९७३ साली त्याचे वय सत्तावीस हजार वर्षे जाहीर झाले. १९८६ मध्ये त्याच हत्याराचा बारीकसा अंश नव्या यंत्राने पुन्हा मोजला, तेव्हा वय निघाले सुमारे १,३५०! पहिल्या वेळी हाडातील खनिज भाग मोजला होता आणि त्यात जमिनीतील पाण्यावाटे जुना कार्बन शिरलेला होता. दुसऱ्या वेळी हाडातील प्रथिन मोजले. कॅलिफोर्नियात सनीव्हेल येथील मानवी सांगाड्याला दुसऱ्याच एका रासायनिक पद्धतीने सत्तर हजार वर्षे दिली गेली होती. तोही नव्या मोजणीत काही थोड्या हजारांवर आला. आफ्रिकेतील शोधांनी जगद्विख्यात झालेले लुई लीकी १९६४ पासून कॅलिफोर्नियातील कॅलिको येथे खणत होते व तेथले दगड अतिप्राचीन माणसाने फोडले आहेत असे सांगत होते. ओढ्यात गडगडताना आपटून फुटलेला दगड आणि हाताने फोडलेला दगड यांत कधीकधी भेद करता येत नाही, हे त्यांच्यासारख्यालाही कबूल करवले नाही.

याच जातीची एक मौज ब्राझीलमधली. पेद्रा फुरादा येथील कातळाखाली नियेद गिदों या बाईंनी अनेक वर्षे खणून तीस ते पन्नास हजार वर्षांची वस्ती असल्याचे प्रतिपादन केले. टीकाकार म्हणत, वरच्या कड्यावरून गोटे पडून फुटले आहेत. २०१६ मध्ये त्याच अरण्यातील कापुचिन जातीची माकडे दगडावर दगड आपटताना पाहण्यात आली, आणि त्या आपटण्यातून निघालेले छिलके माणसाने काढलेल्या छिलक्यांसारखेच दिसतात असे आढळले. माकडांना त्या छिलक्यांचा काही उपयोग नसतो, ती त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. बाईंचा सारा सिद्धांत माकडांनी बुडविला असे नव्हे. पण केवळ फुटक्या दगडावर भिस्त ठेवणाराची पंचाईत मात्र केली.

क्लोव्हिसची भिंत पडली ती दक्षिण चिलीतील माँते वेर्दे येथे. टॉम डिलहे यांनी १९७७ पासून तेथे खणती केली. ओढ्याकाठच्या या वस्तीवर दलदलीची माती पसरली होती आणि हवा न लागल्याने सहसा न टिकणाऱ्या वस्तू तेथे टिकल्या होत्या: तंबूच्या खुंट्या, गवताच्या दोरीच्या गाठी, कातड्याचे तुकडे, रानबटाट्याचे अवशेष, समुद्रशैवाल, चिखलातला पावलाचा ठसा. गाठ काही माकड मारीत नाही. वय सुमारे साडेचौदा हजार वर्षे. जागा बेरिंगपासून हजारो मैल दूर, म्हणजे वाट उघडण्याची वाट या लोकांनी पाहिलेली नव्हती. १९९७ च्या जानेवारीत फॉल्समप्रमाणेच येथेही तज्ज्ञांना बोलाविण्यात आले. त्यांत खुद्द हेन्स होते. बहुतेकांनी दावा मान्य केला. हेन्स यांनी पुढे पुन्हा शंका काढल्या, आणि इतरही काढतात. पण पारडे फिरले होते. २०१६ मध्ये त्या हिमवाटेतील तळ्यांच्या गाळाचा अभ्यास झाला, तेव्हा झाडेझुडपे व जनावरे तेथे सुमारे १२,६०० वर्षांपूर्वी येऊ लागली असे दिसले. खायला काही नसलेल्या त्या शेकडो मैलांच्या वाटेने क्लोव्हिसचे पूर्वज आले असण्याचा संभव त्यामुळे फारच घटला. आता पॅसिफिकच्या किनाऱ्याकिनाऱ्याने, होड्यांतून, मासे व शिंपले खात लोक उतरले असावेत या मताकडे बहुतेकांचा कल आहे.

हा सारा विद्वानांचा आपसांतला खेळ आहे असे मात्र कोणी समजू नये. ज्यांच्या पूर्वजांविषयी हे चालले आहे ते लोक हयात आहेत. १९९६ साली वॉशिंग्टन राज्यात केनविक येथे कोलंबिया नदीत सुमारे साडेआठ-नऊ हजार वर्षांचा एक सांगाडा मिळाला. कवटीच्या घडणीवरून तो आजच्या मूळ रहिवाशांचा नसावा असे काहींनी म्हटले, आणि वर्तमानपत्रांनी त्याचा गोरा माणूस करून टाकला. त्या प्रदेशातील जमाती म्हणत होत्या, हा आमचा पूर्वज आहे, याला मातीत परत जाऊ द्या. आठ शास्त्रज्ञ न्यायालयात गेले, आणि २००४ साली वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०१५ मध्ये हाडातील जनुकद्रव्य वाचले गेले, तेव्हा तो मूळ अमेरिकन लोकांचाच आप्त ठरला. त्याची जवळीक तपासण्यासाठी नमुने दिले होते त्याच भागातील कोलव्हिल जमातीच्या लोकांनी. २०१७ मध्ये त्याचे दफन झाले. व्हाइन डेलोरिया यांच्यासारख्या मूळ अमेरिकन लेखकाने १९९५ साली बेरिंगच्या उपपत्तीवरच हल्ला चढविला होता. त्यांचे भूगर्भशास्त्र आम्हांस पटत नाही. पण ‘तुम्हीही बाहेरूनच आलात, आणि तेही फार जुने नव्हे’ हे वाक्य जमिनी बळकावणारांच्या तोंडी किती सोयीचे पडते, हे त्यांनी दाखविले ते खोटे कसे म्हणावे?

अलीकडचा सर्वांत मोठा प्रसंग पुन्हा न्यू मेक्सिकोतलाच. तेथील व्हाइट सँड्स या जिप्समच्या पांढऱ्या वाळूच्या प्रदेशात एका आटलेल्या तळ्याच्या काठी माणसांच्या पावलांचे असंख्य ठसे आहेत. २०२१ च्या सप्टेंबरात मॅथ्यू बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले की, त्यांतले काही एकवीस ते तेवीस हजार वर्षांचे आहेत. म्हणजे हिमयुगाच्या ऐन कडाक्यातले, जेव्हा कॅनडा बर्फाखाली संपूर्ण बंद होता. येथे हत्यार की फुटका दगड हा प्रश्नच नाही. पाच बोटांचा ठसा ओढा उमटवीत नाही. प्रश्न उरला तो तारखेचा, आणि ती काढली होती ठशांच्या वरच्या व खालच्या थरांतील रुप्पिया या पाणवनस्पतीच्या बियांवरून. टीकाकारांनी नेमके मर्मावर बोट ठेवले: पाण्यातली वनस्पती, जुन्या कार्बनाचे पाणी, वय फुगलेले असणार.

पुढे जे झाले ते आम्हांस या सर्व कहाणीत अधिक आवडते. संशोधकांनी आरडाओरड केली नाही. त्यांनी त्याच थरांतून पाइनसारख्या जमिनीवरील वृक्षांचे परागकण हजारोंनी वेचून काढले. हे वृक्ष कार्बन हवेतून घेतात, तळ्यातून नव्हे. शिवाय वाळूतील गारेच्या कणांना शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा लागला होता हे एका अगदी वेगळ्या पद्धतीने मोजले, ज्यात कार्बनाचा संबंधच येत नाही. २०२३ मध्ये दोन्ही उत्तरे पहिल्या उत्तराशी जुळली. २०२५ मध्ये व्हॅन्स हॉलिडे यांनी निराळ्या प्रयोगशाळांकडून तेथल्या चिखलाची तपासणी करविली, तीही जुळली. तरीही तक्रार आहे. एवढी माणसे वावरली तर एकही हत्यार, एकही चूल कशी नाही? आणि त्यानंतरच्या पाच-सात हजार वर्षांत ही माणसे कोठे लपली? या प्रश्नांना आज चांगले उत्तर नाही. मेक्सिकोतील चिकीवीते गुहेतील दगड किंवा कॅलिफोर्नियातील एक लाख तीस हजार वर्षांपूर्वी म्हणे फोडलेली मास्टोडॉनची हाडे यांनी ती पोकळी भरू पाहणे म्हणजे पुन्हा कॅलिकोच्या वाटेने जाणे होय. व्हाइट सँड्सच्या तारखेवर मात्र, आजच्या पुराव्यावर, आमचा विश्वास बसतो.

त्याच प्रदेशातील एका पाऊलरांगेचा वृत्तांत २०२० साली प्रसिद्ध झाला होता. तिच्याशी बियांची सांगड घालता आलेली नाही. तेव्हा तिची नेमकी तारीख सांगता येत नाही. एक बाई, किंवा पोरसवदा मुलगा असेल, चिखलातून सरळ उत्तरेकडे भराभर चालत गेला आहे. मध्येमध्ये एक पाऊल जरा बाहेर पडते, कारण कडेवर मूल आहे. काही ठिकाणी मूल खाली ठेवले, तेथे इवल्या पावलांचे ठसे आहेत. मग पुन्हा उचलले. अशी मैलभर वाट. काही तासांनी तेच माणूस त्याच वाटेने परत आले. मधल्या वेळात एक मॅमथ ती वाट आडवी ओलांडून गेला होता, आणि एक अजस्र स्लॉथही, जो ठशांपाशी थबकून बहुधा मागल्या पायांवर उभा राहिला. परतीच्या वाटेवर लहान पावले नाहीत.